शेतकऱ्याचा आयकर आणि पैशाचं नियोजन : खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

रावेर-यावलचा केळीवाला असो, पारोळ्याचा कापूसवाला असो की शहाद्याचा पपईवाला, मार्च जवळ आला की तेच ते प्रश्न येतात. इथे ते सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. दर आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आणि नव्या करप्रणालीचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा २०२५ लागू झाला. कलमांचे नंबर बदलले, शेती उत्पन्नाची सवलत कायम राहिली. म्हणून खाली कलमं कमी, व्यवहार जास्त.

१. शेतीच्या उत्पन्नावर कर नाहीच ना? मग या भानगडीत पडायचं कशाला?

केंद्राचा आयकर नाही, हे खरं. पन्नास लाखांची केळी विकली तरी नाही. शेती उत्पन्नावर कर बसवण्याचा अधिकार घटनेने राज्यांकडे ठेवला आहे आणि आपल्याकडे शेतकऱ्याकडून असा कर कोणी वसूल करत नाही.

अडचण तीन ठिकाणी येते. शेतीसोबत पगार, दुकान किंवा भाडं असतं. आपण ज्याला शेती म्हणतो ते कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. आणि तिसरी, सगळ्यात जास्त दिसणारी: पैसा शेतीचाच असतो, पण तसं दाखवायला हातात चिठ्ठीसुद्धा नसते. नोटीस आली की ‘साहेब, मी शेतकरी आहे’ एवढ्यावर भागत नाही.

२. जमीन माझ्या नावावर नाही, निम्मे बटाईने करतो. माझं उत्पन्न शेतीचं धरतील का?

धरतील. जमीन भारतात असावी, तिच्यावर शेती होत असावी आणि उत्पन्न त्या शेतीतून आलेलं असावं, एवढीच अट आहे. मालकी लागत नाही. तुमचा वाटाही शेती उत्पन्न आणि मालकाला मिळणारा वाटा किंवा मक्त्याची रक्कमही शेती उत्पन्नच.

मात्र बटाई आपल्याकडे तोंडी चालते आणि सातबारा मालकाचा असतो. साध्या कागदावर का होईना, गट नंबर, क्षेत्र, वर्ष आणि वाट्याचं प्रमाण लिहून दोघांच्या सह्या घ्या. उभा बाग किंवा फड विकत घेऊन माल काढणाऱ्या व्यापाऱ्याचा नफा मात्र धंद्याचा. त्याने पीक वाढवलेलं नसतं.

३. दूध, कोंबड्या, रोपवाटिका, केळीचे वेफर्स, ट्रॅक्टरचं भाडं. यातलं शेती कोणतं?

रोपवाटिकेत वाढवलेल्या रोपांचं उत्पन्न कायद्याने शेतीचं मानलं आहे. दूध, कुक्कुटपालन, शेळ्या, मासे हे शेतीत येत नाहीत, चारा घरचा असला तरी. दुसऱ्याच्या वावरात ट्रॅक्टर चालवून मिळालेलं भाडं हा धंदा. छोट्या धंद्यासाठी ढोबळ पद्धत सोयीची पडते: रोखीच्या उलाढालीवर ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा दाखवला की सविस्तर वह्या ठेवाव्या लागत नाहीत.

माल बाजारात नेण्याजोगा करण्यासाठी शेतकरी सर्रास जे करतो ते शेतीतच येतं. स्वतःची मिरची पथारीवर वाळवून विकली तर ती शेती. तिची पूड करून पाकिटात भरली तर दोन भाग पडतात: वाळल्या मिरचीच्या बाजारभावाइतकी रक्कम शेतीच्या बाजूला आणि वरचा नफा धंद्याचा. केळीच्या वेफर्सलाही हाच हिशोब. म्हणून घरचा किती माल भट्टीवर गेला आणि त्या दिवशी भाव काय होता, हे वहीत असू द्या.

४. सोलरवाल्यांना जमीन भाड्याने दिली. जमीन शेतीची आहे, मग भाडं करमुक्त ना?

नाही. जमीन कागदावर शेतीची असून उपयोग नाही, भाडं शेतीसाठी मिळालं पाहिजे. साक्रीच्या पठारावर पवनचक्कीसाठी दिलेली जागा, मोबाईल टॉवर, वीटभट्टी, विकलेला मुरूम या सगळ्यांचं उत्पन्न करपात्र आहे.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. चार हेक्टर दिली तर पहिल्याच वर्षी पाच लाख. दुसरं करपात्र उत्पन्न नसेल तर करमाफीमुळे (प्रश्न ६) भरायला काही येणार नाही, पण चार लाखांची मर्यादा ओलांडल्याने रिटर्न भरावंच लागतं. शिवाय उरलेल्या शेतीचं उत्पन्न दराच्या हिशोबात येतं, ते कसं ते प्रश्न ५ मध्ये. करार वीस-पंचवीस वर्षांचा असतो. सही करण्याआधी हे गणित मांडा, कंपनीचा माणूस ते मांडून देणार नाही.

५. मी जिल्हा परिषदेत शिक्षक आहे, गावाकडे केळी आहे. शेती करमुक्त, तरी सीए ती रिटर्नमध्ये का टाकतो?

कारण शेतीवर कर नसला तरी पगाराला कोणता दर लागेल हे ठरवताना ती मोजतात. दोन गोष्टी एकत्र असाव्या लागतात: निव्वळ शेती उत्पन्न ५,००० च्या वर आणि बाकीचं उत्पन्न मूळ सूट मर्यादेच्या, म्हणजे ४ लाखांच्या वर.

वजावटीनंतर पगार १४ लाख आणि शेती ४ लाख आहे असं धरा. आधी दोन्हींची बेरीज, १८ लाख. त्यावरचा कर १,६०,०००. मग शेतीचे ४ लाख अधिक सूट मर्यादेचे ४ लाख, म्हणजे ८ लाखांवरचा कर काढा: २०,०००. वजाबाकी १,४०,०००, हा तुमचा कर, त्यावर ४ टक्के उपकर. शेती नसती तर १४ लाखांवर ९०,००० आले असते. म्हणजे शेतीचा एक रुपयाही ‘करपात्र’ न होता पन्नास हजार वाढले. न्याय-अन्यायाचा वाद पारावर करू, रिटर्नमध्ये मात्र हेच गणित चालतं.

शेतीत तोटा आला असेल तर तोही दाखवा. पुढच्या आठ वर्षांत शेतीच्याच नफ्यातून तो वजा करता येतो आणि पगाराचा दर तेवढा खाली राहतो. करपा रोग आणि वादळाच्या वर्षी कोणीच रिटर्नमध्ये तोटा लिहीत नाही, आणि भाव चढला त्या वर्षी पस्तावतात.

६. बारा लाखांपर्यंत कर नाही म्हणतात. माझा पगार दहा लाख, तरी कर कसा निघाला?

शेतीमुळे. बारा लाखांपर्यंतची माफी म्हणजे कमाल ६०,००० रुपयांची करमाफी. पगार १० लाख आणि शेती ५ लाख असेल तर १५ लाखांवर १,०५,०००, त्यातून ९ लाखांवरचे ३०,००० वजा, राहिले ७५,०००. माफी ६०,००० ची. उरलेले १५,००० अधिक उपकर, मिळून १५,६०० भरायचे. पगार ८ लाख आणि शेती ३ लाख असेल तर याच रीतीने ३५,००० येतात आणि ते माफीत पूर्ण जिरतात.

७. एकरी किती उत्पन्न दाखवू?

हा प्रश्नच मला आवडत नाही. जेवढं झालं तेवढं दाखवा. विक्रीतून रोपं, खतं, औषधं, मजुरी, वीजबिल, नांगरटी, पीक कर्जाचं व्याज असा खरा खर्च वजा करा. घरच्या माणसांनी केलेल्या, पैसे न दिलेल्या कामाची मजुरी लावू नका.

दोन्हीकडचा मोह असतो. नोकरदार शेती कमी दाखवतो. ज्याच्याकडे दुसरीकडचा रोकडा आहे तो कोरडवाहू तीन एकरांत लाखोंचं पीक उभं करतो. पाच लाखांच्या वर निव्वळ शेती उत्पन्न असेल तर रिटर्नमध्ये जिल्हा, पिनकोड, क्षेत्र एकरात, जमीन स्वतःची की कसायला घेतलेली आणि बागायती की कोरडवाहू हे सगळं भरावं लागतं. सातबाऱ्यावरच्या पीकपेऱ्याशी ते पडताळायला फार वेळ लागत नाही. जुळलं नाही तर रक्कम ‘स्रोत न दाखवलेलं उत्पन्न’ ठरते आणि तिथे नेहमीचे सौम्य दर नाहीत, करमाफीही नाही.

८. कोणते कागद ठेवायचे? केळीच्या व्यापारात तर पक्कं बिलच मिळत नाही.

सातबारा आणि आठ-अ सगळे ठेवतात. पण ते मालकी सांगतात, उत्पन्न सांगत नाहीत. त्या हंगामाची ई-पीक पाहणी झालेली असली पाहिजे. गेल्या वर्षीचा कापूस सातबाऱ्यावर तसाच आणि वावरात केळी, असं असेल तर तुमचाच कागद तुमच्याविरुद्ध बोलतो.

केळीत खरा पुरावा म्हणजे काटा पट्टी. गाडी भरून काट्यावर गेली की गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन आणि तारीख छापून येते. व्यापाऱ्याचा माणूस त्याच चिठ्ठीच्या मागे पेनाने भाव, कटती (कपात) आणि हातात येणारी रक्कम लिहितो. नाव मात्र लिहीत नाही. तिथेच त्याला नाव, गाव आणि सही टाकायला लावा, आणि शेजारी त्या दिवशीचा बऱ्हाणपूरच्या केळी बाजाराचा भाव लिहून ठेवा. काट्याची शाई उष्णतेने उडते, दोन उन्हाळ्यांत कोरा कागद उरतो. त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढा.

कापसाला जिनिंगची किंवा सीसीआयची (भारतीय कापूस महामंडळाची) पावती मिळते, मिरचीला बाजार समितीतल्या अडत्याची हिशोब पट्टी. खताच्या दुकानात उधारी असली तरी बिल आपल्या नावाचं घ्या, मामाच्या नावाचं नको.

९. व्यापारी साडेतीन लाख रोख देतो म्हणतो. घेऊ का?

नका घेऊ. एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी तुकड्यातुकड्यांत, दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेतलीत तर जेवढी घेतली तेवढाच दंड, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. शेतकरी म्हणून यातून सूट नाही. आज पावणेदोन आणि परवा पावणेदोन अशी एकाच गाडीच्या मालाची फोड केली तरी व्यवहार एकच मोजतात.

दोन लाखांच्या आत शेतमालाची रोख विक्री चालते. व्यापाऱ्यालाही, शेतकऱ्याकडून थेट माल घेतला म्हणून, रोखीचा खर्च नामंजूर होण्याची भीती नाही. ‘चेक दिला तर मला अडचण येते’ असं सांगणारा व्यापारी स्वतःची अडचण तुमच्या गळ्यात घालतो आहे.

१०. हातउसने आणि जमिनीचा ईसार रोखीने चालतो का?

वीस हजार किंवा त्याहून जास्त उसनवारी आणि जमिनीच्या व्यवहारातला ईसार रोख घेणं बेकायदा आहे. परतफेडही बँकेतूनच करा. उसनवारी आणि ईसाराला एक अपवाद आहे: देणारा आणि घेणारा दोघांचंही उत्पन्न शेतीचं असेल आणि दोघांपैकी कोणाचंही करपात्र उत्पन्न नसेल तर ही बंदी लागू होत नाही. साडू नोकरीत असेल आणि कर भरत असेल तर अपवाद गेला.

११. खात्यात रोख भरली म्हणून नोटीस आली. काय करू?

मुदतीत आयकर पोर्टलवरच उत्तर द्या. गप्प बसलात तर अधिकारी एकतर्फी आकारणी करू शकतो. तारीखवार तक्ता करा: अमुक दिवशी काटा पट्टी, अमुक दिवशी भरणा. विक्री आणि भरणा यांत आठ महिन्यांचं अंतर असेल तर पैसे तेवढे दिवस घरात का होते, हेही लिहा. कागद प्रश्न ८ मधलेच.

१२. रिटर्न भरलं तर पीएम किसान बंद होतं का?

रिटर्न भरल्याने होत नाही, कर भरल्याने होतं. मागच्या कर-निर्धारण वर्षात पती-पत्नी यांपैकी कोणी आयकर भरला असेल तर ते कुटुंब अपात्र. शून्य कराचं रिटर्न भरणारा त्यात येत नाही. मात्र व्याजावर बँकेने कापलेला कर परत मागितला नाही, तर नोंदीला तो ‘भरलेला कर’ दिसू शकतो, म्हणून परतावा मागा.

फक्त शेतीच असेल तर रिटर्न सक्तीचं नाही. मुलाचं शैक्षणिक कर्ज, परदेशाचा व्हिसा, मोठं वाहनकर्ज डोळ्यासमोर असेल तर मात्र दोन-तीन वर्षं आधीपासून भरा. शेती उत्पन्न ५,००० च्या वर असेल तर सगळ्यात सोपा रिटर्नचा फॉर्म, आयटीआर-१, चालत नाही.

१३. शेतजमीन विकली. कर लागेल का?

जमीन कुठे आहे त्यावर आहे. ‘ग्रामीण’ शेतजमीन भांडवली मालमत्ताच मानत नाहीत, त्यामुळे कितीही फायदा झाला तरी भांडवली नफ्याचा कर नाही. नगरपालिकेची लोकसंख्या दहा हजार ते एक लाख असेल तर हद्दीपासून २ किलोमीटर, एक ते दहा लाख असेल तर ६ किलोमीटर, त्याहून मोठ्या शहराला ८ किलोमीटर, या पट्ट्यातली जमीन ‘शहरी’. हद्दीच्या आतली तर शहरीच.

२०११ च्या जनगणनेनुसार जळगाव, धुळे, भुसावळ आणि नंदुरबार लाखाच्या वर आहेत, त्यांना ६ किलोमीटर. चोपडा, शिरपूर, शहाद्याला २. अमळनेर आणि चाळीसगाव लाखाला थोडेच कमी होते. पुढच्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले की तिथला पट्टा एकदम सहावर जाऊ शकतो. विकायचं मनात असेल तर हे लक्षात घ्या.

अंतर सरळ रेषेत मोजतात, रस्त्याने नाही. रस्त्याने साडेसात किलोमीटर असलेलं गाव पाखराच्या वाटेने साडेपाचच भरतं. प्लॉट पाडून, एनए (बिगरशेती) करून विकलं तर ती शेतजमीन राहत नाही, तिथे ही सवलत मागू नका.

१४. जमीन शहराच्या पट्ट्यात येते. कर वाचवायचा काही मार्ग?

जुन्या कायद्यात ‘५४बी’ म्हणून ओळखली जाणारी सवलत पाहा. विक्रीआधी दोन वर्षं तुम्ही किंवा आई-वडिलांनी जमीन कसलेली असावी आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घ्यावी. रिटर्नच्या मुदतीपर्यंत घेतली नसेल तर पैसे बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवा, साध्या मुदत ठेवीत ठेवले तर सवलत जाते. नवी जमीन तीन वर्षं विकू नका. कसल्याचा पुरावा म्हणजे पुन्हा तोच पीकपेरा.

सवलत नाही बसली तर दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के. २३ जुलै २०२४ पूर्वी मिळालेल्या जमिनीला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्यायही आहे. दोन्ही काढून कमी असेल तो घ्या.

१५. महामार्गात जमीन गेली. मोबदल्यावर कर आहे का?

२०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली सक्तीने घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्याला आयकरातून सूट आहे. शेतजमिनीच्या मोबदल्यातून टीडीएसही (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापायचा नसतो. कापलाच तर रिटर्न भरून परत मागा. थेट खरेदीने, वाटाघाटीने जमीन दिली असेल तर निवाड्याची आणि खरेदीची कागदपत्रं जाणकाराला दाखवूनच ठरवा.

गाठ पडते ती वाढीव मोबदल्यावरच्या व्याजात. कोर्टातून दहा वर्षांनी रक्कम येते, त्यात व्याज मोठं असतं आणि विभाग ते ‘इतर उत्पन्न’ धरून निम्म्यावर कर मागतो. कोर्टाच्या हिशोबात मूळ वाढ किती आणि व्याज किती याची फोड वकिलाकडून लेखी घ्या.

१६. सातबाऱ्यावर चार भावांची नावं, कसतो एकच. उत्पन्न कोणाचं?

वडिलोपार्जित, न वाटलेली जमीन असेल तर उत्पन्न एकत्र कुटुंबाचं. त्यासाठी कुटुंबाचं वेगळं पॅन काढता येतं. वाटणी झाली असेल तर ज्याचा त्याचा हिस्सा. नोकरीतल्या भावाच्या नावे सगळं दाखवलं की प्रश्न ५ चं गणित विनाकारण त्याच्या डोक्यावर बसतं. आणि बहिणींना विसरू नका, २००५ च्या दुरुस्तीपासून त्यांचाही जन्मतः हक्क आहे.

आयुष्यभराचं नियोजन म्हणून जिवंतपणी द्यायचं असेल तर महाराष्ट्रात पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडांना शेतजमिनीच्या बक्षीसपत्रावर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. नात्यातल्या अशा बक्षिसावर घेणाऱ्याला आयकरही नाही.

१७. पीक कर्ज शून्य टक्के म्हणतात. मग पैसे असूनही घ्यावं का?

तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून व्याज शून्यावर येतं. गरज असेल तर जरूर घ्या. पण एक दिवस थकलं तरी सवलत जाते. मार्चला कोणाकडून तरी टक्क्यावर पैसे उचलून सोसायटीत भरायचे आणि नवं-जुनं करून परत काढायचे, यात ‘शून्य टक्के’ कुठे राहतं ते स्वतःच मोजा. कर्जमाफीच्या आशेवर थकवणं तर सरळ जुगार आहे.

१८. केळीचे एकदम बारा लाख आले. कुठे ठेवू? सोनं घेऊ का?

केळीचा पैसा वर्षातून एकदा, खर्च मात्र बारा महिने. आधी पुढच्या लागवडीचा पूर्ण खर्च बाजूला काढा, मग घरखर्चाचे किमान सहा महिने. उरेल त्याचाच विचार करा. बहुतेक जण उलट करतात: आधी गाडी, मग जूनमध्ये रोपांसाठी धावाधाव.

एका बँकेत एका नावे पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. जळगाव जिल्ह्यात पतसंस्थांत पैसे अडकलेल्या म्हाताऱ्या माणसांना दोन टक्के जादा व्याजाचं काय झालं, ते विचारून पाहा. ठेवीचं व्याज शेतीचं नसतं, मुद्दल केळीची असली तरी. ६० वर्षांखालच्यांना वर्षाला ५०,००० आणि ज्येष्ठांना एक लाखाच्या पुढे व्याज गेलं की बँक टीडीएस कापते. कर बसतच नसेल तर वर्षाच्या सुरुवातीला स्वयंघोषणापत्र भरून द्या.

सोनं जळगावात घ्यायचं नाही तर कुठे घ्यायचं! पण बिलाने आणि बँकेतून. दोन लाखांची रोख मर्यादा सराफालाही आहे (प्रश्न ९). दागिन्यातली घडणावळ परत येत नाही, एवढं धरून चला.

१९. म्हातारपण आणि अपघात यांचं काय?

वय १८ ते ४० आणि जमीन दोन हेक्टरपर्यंत असेल तर पीएम किसान मानधनमध्ये वयाप्रमाणे महिना ५५ ते २०० रुपये भरून साठीनंतर महिना ३,००० मिळतात. रक्कम लहान आहे, तिच्यावर म्हातारपण निघणार नाही. जोडीला पीपीएफ घ्या. अपघाती मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसाला दोन लाख मिळतात. सर्पदंश, विजेचा धक्का यातही. दुःखात कोणाला सुचत नाही, म्हणून घरातल्या शिकलेल्या पोराला हे आधी सांगून ठेवा.

फळपीक विम्यात केळीच्या थंडी-उष्णतेच्या भरपाईचं गणित महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर चालतं, तुमच्या बागेच्या पंचनाम्यावर नाही. गारपीट किंवा वादळाची सूचना मात्र स्वतः लगेच द्यावी लागते. उभ्या पिकाच्या नुकसानीची भरपाई शेती उत्पन्नातच धरा.

२०. जिनिंगवाल्याने कापसाच्या पैशातून जीएसटी कापला. बरोबर आहे का?

चूक आहे. शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीतल्या मालासाठी जीएसटी नोंदणी लागत नाही. कच्च्या कापसावरचा जीएसटी नोंदणीकृत खरेदीदाराने स्वतःच्या खिशातून सरकारला भरायचा असतो आणि त्याला तो नंतर वळताही करून घेता येतो. तुमच्या पट्टीत ‘जीएसटी’ म्हणून वजावट दिसली तर ती लेखी मागा. बहुतेक वेळा लिहून द्यायची वेळ आली की वजावटच निघून जाते.